जिन्याजवळच्या घरातली माणसं

दुसरं महायुद्ध संपलं आणि लढाईवरून परतलेले अमेरिकन तरुण अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला पुन्हा कॉलेजांत येऊ लागले. आता त्यांची लग्नं झालेली होती, काहींच्या कडेवर मुलं होती. बॉस्टनला खेटून असलेल्या केंब्रिज शहरात एमआयटी ही तंत्रशिक्षणाची नामवंत संस्था आहे. तिनं या संसारी विद्यार्थ्यांसाठी वेस्टगेट आणि वेस्टगेट वेस्ट अशा दोन वसाहती सुरू केल्या. वेस्टगेट वेस्टमधल्या इमारती साध्या, दुमजली. खाली पाच बिऱ्हाडं, वर पाच. घर निवडायची सोय नव्हती. जे रिकामं होईल ते यादीतल्या पुढच्या कुटुंबाला.

लिऑन फेस्टिंजर, स्टॅन्ली शॅक्टर आणि कर्ट बॅक या तिघा मानसशास्त्रज्ञांना यात एक आयता प्रयोग दिसला. एकमेकांना न ओळखणारी माणसं चिठ्ठ्या टाकल्यासारखी घरांमध्ये वाटली गेली होती. त्यांच्यात मैत्री कुणाची कुणाशी होते? तिघांनी घरोघर जाऊन विचारलं, ‘इथं तुमचं येणंजाणं सगळ्यात जास्त कुणाकडे आहे?’

शेजारच्या दाराचं नाव घेतलं जाण्याचं प्रमाण 41 टक्के निघालं. मध्ये एक घर असेल तर 22 टक्के. दोन घरं असतील तर 16. आणि मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांचं फक्त 10 टक्के. ही दोन टोकं किती लांब होती? नव्वद फूटसुद्धा नाही. म्हणजे आयुष्यभराचा मित्र होऊ शकला असता असा माणूस तिथंच, हाकेच्या अंतरावर राहत होता. पण त्याचं दार रोजच्या वाटेवर नव्हतं.

याहून गमतीचा भाग जिन्याचा. वरच्या मजल्यावर जाणारे जिने तळमजल्याच्या ठरावीक घरांच्या दाराशी उतरत. त्या घरांत राहणाऱ्यांना वरच्या मजल्यावरचे मित्र इतर तळमजलेवाल्यांपेक्षा जास्त होते. टपालपेट्यांजवळच्या घराचंही तेच. ही माणसं स्वभावानं जास्त मनमिळाऊ होती असं काही नाही. जाणारे-येणारे त्यांच्या दारावरून जात, एवढंच. आणि वेस्टगेटमधल्या ज्यांच्या घराचं तोंड सगळ्यांच्या अंगणाकडे नसून रस्त्याकडे होतं, त्यांना मित्र निम्म्याहूनही कमी. वास्तुविशारदानं कागदावर एक रेघ ओढली आणि कुणाच्या घरी संध्याकाळी माणसं येणार, कुणाच्या नाही, हे बरंचसं तिथंच ठरून गेलं. 1950 साली या अभ्यासाचं पुस्तक आलं. पाऊणशे वर्षं झाली तरी मला तो जिना आठवला की थक्क व्हायला होतं.

गिरगाव-परळच्या चाळीत जे वाढले त्यांनी हा प्रयोग जगलेला आहे. समोरून सामाईक गॅलरी, एका टोकाला नळ, दिवसातून दहा वेळा एकमेकांच्या दारावरून जाणं. आजही पुण्यात स्पर्धा परीक्षा करणाऱ्या मुलांना विचारा: अभ्यासिकेत शेजारच्या खुर्चीवर बसणारा, मेसमध्ये त्याच वेळेला जेवायला येणारा, हाच बहुतेकदा पुढं जिवाचा मित्र झालेला असतो. एक नांदेडचा, दुसरा सिंधुदुर्गचा. ना बोली एक ना जेवण एक. पण टेबल एक होतं.

नुसतं दिसत राहण्यानं काय होतं, हे रिचर्ड मोरलँड आणि स्कॉट बीच यांनी 1992 मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठात तपासलं. एकमेकींसारख्याच दिसणाऱ्या चार तरुणी घेतल्या. एका मोठ्या वर्गात एक पाच वेळा येऊन बसली, एक दहा वेळा, एक पंधरा वेळा, आणि चौथी एकदाही नाही. त्या कुणाशी एक शब्द बोलल्या नाहीत. सत्र संपल्यावर वर्गाला चौघींचे फोटो दाखवले. यातली कुणीही मुलांना ओळखीची म्हणून फारशी आठवली नाही, तरी जी जास्त वेळा येऊन बसली होती तीच जास्त आवडण्यासारखी वाटली. आपण ज्याला ‘का कुणास ठाऊक, पण हा बरा वाटतो’ म्हणतो, त्यामागे पुष्कळदा आपल्या नकळत जमा झालेल्या पंधरा हजेऱ्या असतात. ‘माझं कुणाशी जमतच नाही’ असं म्हणणाऱ्या मुलाला माझा पहिला प्रश्न म्हणूनच स्वभावाबद्दल नसतो. तू रोज त्याच वेळी, त्याच ठिकाणी, त्याच माणसांच्या नजरेला पडतोस का, एवढंच मी विचारते.

अर्थात नजरेला पडणं ही सुरुवात. पुढं लागतात तास, आणि तेही कुणीतरी मोजायचा प्रयत्न केला आहे. कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी नव्या गावात राहायला गेलेल्या प्रौढांना आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आलेल्या मुलांना विचारून अंदाज बांधला. तोंडओळखीची साधी मैत्री व्हायला एकत्र घालवलेले साधारण 50 तास लागतात. ‘मित्र’ म्हणण्याजोगं नातं व्हायला 90. आणि जिवलग व्हायला 200 हून जास्त.

हा हिशेब मांडून बघा. वसतिगृहातल्या खोलीत दोघी जागेपणी रोज चार तास एकत्र असतील, तर 200 तास पन्नास दिवसांत होतात. म्हणून जुलैमध्ये एकमेकींकडे बघायला लाजणाऱ्या मुली दिवाळीच्या सुट्टीला निघताना रडतात. आणि आठवड्यातून एकदा तासभर भेटणाऱ्या दोघांना तेवढेच तास जमवायला जवळपास चार वर्षं लागतील. त्यांची मैत्री मंद चालली आहे म्हणून कुणाचं काही चुकत नसतं. तास अजून झालेले नाहीत, एवढंच.

पण सगळे तास सारखे धरत नाहीत. एका वर्गात किंवा ऑफिसात शेजारी बसून काम केल्याचे तास हॉल यांच्या आकडेमोडीत फारसे उपयोगी पडले नाहीत. हसणं-खिदळणं, दिवसभरात काय झालं ते सांगणं, काहीतरी खेळणं, नुसतं लोळत पडणं, हे तास धरले. नुसत्या हवापाण्याच्या गप्पा तर उलट ठरल्या: ज्या जोड्या तेवढ्यावरच राहिल्या त्यांची जवळीक कमी होत गेली.

एकत्र हालचाल करण्याचे तास मात्र विलक्षण असतात. ऑक्सफर्डच्या वल्हेकऱ्यांवर 2010 साली एक प्रयोग झाला. तीच मेहनत, तेवढाच वेळ. एकदा एकेकट्यानं वल्ही मारायची, एकदा सगळ्यांनी एका लयीत. नंतर त्यांना कितपत वेदना सोसते ते मोजलं. एका लयीत वल्हवल्यावर सहनशक्तीतली वाढ एकट्यानं वल्हवण्याच्या जवळपास दुप्पट निघाली. शरीर मेहनतीच्या वेळी स्वतःचीच वेदनाशामक द्रव्यं सोडतं, त्यांना एंडॉर्फिन म्हणतात. लय जुळली की ती जास्त सुटत असावीत, असा त्याचा अर्थ लावला गेला. पुढं 2015 मध्ये ब्राझीलच्या शाळकरी मुलांना नाचायला लावून हेच पाहिलं. पावलं जुळली की वेदना कमी जाणवते आणि शेजारचा जास्त आपला वाटतो. गणेशोत्सवाच्या आधी दोन महिने ढोल-ताशा पथकाच्या सरावाला जाणाऱ्या मुलामुलींना विचारा. हाताला फोड आलेले असतात, कंबरेला ढोल बांधून खांदे भरून आलेले असतात, आणि तरी ती सांगतील की कॉलेजच्या तीन वर्षांत झाले नाहीत इतके मित्र तिथं झाले. लेझीम, कबड्डीचा सराव, वारीत दिंडीबरोबर चालणं, नाटकाच्या तालमी: जिथं जिथं शरीरं एका ठेक्यात येतात तिथं हे घडताना दिसतं.

आता दुखऱ्या बाजूकडे येऊ. तरुण वयात मैत्रीइतकं सुख कशात नसतं आणि ती हुकल्याइतकं दुःखही कशात नसतं.

किपलिंग विल्यम्स हे मानसशास्त्रज्ञ एकदा आपल्या कुत्र्याला घेऊन बागेत बसले होते. कुणाची तरी फ्रिस्बीची तबकडी घरंगळत त्यांच्यापाशी आली. त्यांनी ती उचलून परत फेकली. दोघा अनोळखी माणसांनी ती पुन्हा त्यांच्याकडे टाकली, आणि काही वेळ तिघांचा खेळ रंगला. मग एकाएकी, काही न बोलता, दोघं आपसातच खेळू लागले. विल्यम्सना स्वतःचंच नवल वाटलं. ज्यांची नावंही ठाऊक नाहीत अशा दोघांनी आपल्याला वगळलं आणि ते आतवर लागलं! त्यातून पुढं ‘सायबरबॉल’ हा प्रयोग तयार झाला. संगणकाच्या पडद्यावर तिघं चेंडू झेलतात. थोड्या वेळानं दोघं तुमच्याकडे चेंडू टाकायचे थांबतात. बस, एवढंच. काही मिनिटांत माणसाचा मूड उतरतो, आपण कुणीच नाही असं वाटू लागतं. समोर माणसं नसून संगणकच खेळतो आहे असं आधी सांगितलं तरीही उतरतो. लंडनच्या संशोधकांनी 2010 मध्ये हाच खेळ बारा ते पंधरा वयाच्या मुली आणि प्रौढ स्त्रिया यांना खेळायला दिला, तेव्हा मुलींचा मूड जास्त कोसळला.

हे घरातल्या मोठ्यांनी नीट ऐकावं असं मला फार वाटतं. आठवीतली मुलगी ग्रुपमधून काढलं म्हणून जेवत नाही, तेव्हा ‘एवढ्याशा गोष्टीचं काय’ म्हणणं सोपं असतं. तिच्यासाठी ती गोष्ट एवढीशी नाही. ती तेवढी लागते, कारण त्या वयात माणूस घरच्यांपासून थोडा सुटून सवंगड्यांत आपली जागा शोधत असतो, आणि मेंदूनं त्या कामाला सगळं लक्ष दिलेलं असतं.

पण याच ठिकाणी एक दिलासा आहे, आणि तो मला या साऱ्या विषयातला सर्वांत आश्चर्याचा भाग वाटतो. आपण किती एकटे आहोत आणि लोकांना किती आवडतो याबद्दल आपलं मन जो हिशेब करतं, तो मुळातच चुकीचा येतो. एक चूक गणिताची आहे, दुसरी मनाची.

आधी गणित. समजा, खोलीत चार मुली आहेत: मेघा, अश्विनी, रुखसाना आणि निकिता. मेघाची तिघींशी मैत्री आहे. अश्विनी आणि रुखसाना एकमेकींच्याही मैत्रिणी आहेत. निकिताची मात्र एकट्या मेघाशी. म्हणजे मेघाला मैत्रिणी 3, अश्विनीला 2, रुखसानाला 2, निकिताला 1. आता प्रत्येकीनं आपल्या मैत्रिणींना किती मैत्रिणी आहेत ते पाहिलं. अश्विनीच्या मैत्रिणी मेघा आणि रुखसाना. त्यांची सरासरी अडीच. अश्विनीच्या स्वतःच्या दोन. रुखसानाचंही तसंच. निकिताची एकुलती मैत्रीण मेघा. तिला तीन, निकिताला एक. चौघींपैकी तिघींना प्रामाणिकपणे मोजूनही हेच दिसतं की माझ्या मैत्रिणींना माझ्यापेक्षा जास्त मैत्रिणी आहेत. कुणी खोटं बोललेलं नाही, कुणी कुणाला वगळलेलं नाही. ज्याला मित्र जास्त, तो जास्त जणांच्या यादीत येतो आणि प्रत्येक यादीची सरासरी वर ओढतो.

स्कॉट फेल्ड या समाजशास्त्रज्ञांनी 1991 साली हे मांडलं. त्याला मैत्रीचा विरोधाभास म्हणतात. वीस वर्षांनी फेसबुकच्या 72 कोटींहून जास्त वापरकर्त्यांवर ते ताडून पाहिलं, तर सुमारे 93 टक्के लोकांच्या बाबतीत मित्रांच्या मित्रसंख्येची सरासरी त्यांच्या स्वतःच्या आकड्यापेक्षा जास्त निघाली. रात्री अकरा वाजता अंथरुणात पडून इन्स्टाग्रामवर इतरांच्या सहलींचे, वाढदिवसांचे फोटो बघणाऱ्या मुलाला जे वाटतं, त्यातला बराच भाग हा असा शुद्ध अंकगणिताचा असतो. सगळ्यात जास्त मित्र असलेली, सगळ्यात जास्त फोटो टाकणारी माणसंच त्याच्या पडद्यावर सगळ्यात जास्त वेळा येतात. त्याच्यासारखी माणसं, जी आत्ता अशीच एकटी लोळत पडली आहेत, ती दिसत नाहीत.

दुसरी चूक मनाची. 2018 साली एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी अनोळखी माणसांच्या जोड्या करून त्यांना थोडा वेळ गप्पा मारायला सांगितलं. नंतर प्रत्येकाला वेगवेगळं विचारलं: समोरचा तुम्हाला किती आवडला? आणि तुम्ही त्याला किती आवडला असाल? दुसऱ्या प्रश्नाला लोकांनी सातत्यानं कमी गुण दिले. म्हणजे दोघंही मनात म्हणत होते, ‘हा छान आहे, पण मी काही याला फार आवडलो नसेन.’ आणि दोघंही चुकत होते. वसतिगृहात एकत्र राहायला आलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलामुलींमध्ये हा फरक कित्येक महिने टिकला. एका छताखाली राहून, एकत्र जेवूनही प्रत्येकाला वाटत होतं की हे आपल्याला जेवढे आवडतात तेवढे आपण यांना आवडत नसू.

असं का होतं? गप्पा संपल्यावर प्रत्येकजण स्वतःचीच उलटतपासणी घेत बसतो. मी जरा जास्तच बोलले. माझं इंग्रजी ऐकून त्याला काय वाटलं असेल. तो विनोद करायला नको होता. समोरच्याच्या मनात ही तपासणी चालू नसते; तो तुमची नाही, स्वतःची घेत असतो. लहान मुलांवर पाहिलं तेव्हा हेही कळलं की चार वर्षांच्या मुलांत हा फरक नसतोच. एकत्र खेळलेला मुलगा मला आवडला, मग मीही त्याला आवडलो असणार, इतकं सरळ. पाचव्या वर्षाच्या सुमारास शंका शिरते आणि वयाबरोबर वाढत जाते. शाळेच्या उंबरठ्यावर कुठंतरी आपण हे शिकतो.

म्हणून कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात, नव्या गावात, नव्या नोकरीत, ‘त्यांना माझ्याशी बोलायचं नसेल’ हा जो आवाज आत येतो, त्याच्यावर विश्वास ठेवू नये असं मी अगदी ठाम सांगेन. तो आवाज मोजमाप करून पाहिलेला आहे आणि तो खोटा निघालेला आहे.

मैत्री झाली, आता ती टिकते कशावर? आपल्याकडे म्हणतात, संकटात धावून येतो तो मित्र. खरंच आहे. पण शेली गेबल यांच्या संशोधनानं एक वेगळी गोष्ट दाखवली: चांगली बातमी ऐकताना माणूस कसा वागतो, यावरून नात्याचं पुढं काय होणार हे पुष्कळ कळतं. समजा, मैत्रीण धापा टाकत येऊन सांगते, ‘अगं, तलाठी भरतीच्या यादीत माझं नाव आलं!’ यावर चार तऱ्हेची उत्तरं येऊ शकतात. ‘काय सांगतेस! कधी कळलं? आईला फोन केलास का? काय म्हणाल्या?’ हे एक. मोबाइलवरून डोळे न उचलता ‘अरे वा, छान’ हे दुसरं. ‘पण नेमणूक कुठं देतील काय माहीत, लांब टाकलं म्हणजे?’ हे तिसरं. आणि ‘बरं, जेवायला जायचं ना?’ हे चौथं. नात्याला बळ देतं ते फक्त पहिलं. दुसऱ्यात वाईट काहीच बोललेलं नाही, तिसऱ्यात तर काळजी आहे. तरी आनंद घेऊन आलेली मैत्रीण तिन्ही वेळा तो तसाच हातात धरून परत जाते. गेबल यांनी प्रेमात असलेल्या तरुण जोडप्यांचं असं बोलणं टिपून ठेवलं आणि दोन महिन्यांनी पुन्हा गाठलं. कुणाचं तुटलं, कुणाचं टिकलं, याचा धागा अडचणीतल्या धीर देण्यापेक्षा चांगल्या बातमीला दिलेल्या प्रतिसादाशी जास्त घट्ट जुळला. स्पर्धा परीक्षेच्या मित्रमंडळींत, जिथं एकाचं होतं आणि चौघांचं राहतं, तिथं तो पहिला प्रतिसाद देणं किती कठीण असतं ते मी पाहिलं आहे. म्हणूनच तो देणाऱ्याला कुणी विसरत नाही.

भांडणांचं काय? माझ्या ओळखीची बरीच मुलं एका भांडणानंतर मैत्री संपली असं धरून चालतात. त्यांना एडवर्ड ट्रॉनिक यांचं काम सांगावंसं वाटतं. त्यांनी तान्ही बाळं आणि त्यांच्या आया यांच्यातला संवाद क्षणाक्षणानं तपासला. आई हसते तेव्हा बाळ मान वळवतं, बाळ हात पुढं करतं तेव्हा आई दुसरीकडे बघत असते. उत्तम नातं असलेल्या जोड्यांतही सूर जुळलेला वेळ साधारण 30 टक्केच भरला. उरलेला सगळा वेळ चुकण्याचा आणि पुन्हा जुळवून घेण्याचा. जगातल्या सगळ्यात घट्ट नात्याची ही स्थिती असेल, तर दोन विशीतल्या मुलांचं रोज जमावं अशी अपेक्षा कुठून येते? आपल्याकडे ‘सॉरी’ तोंडातून सहजी निघत नाही. दोन दिवस अबोला, मग एकजण खुर्चीपाशी येऊन नुसतं म्हणतो, ‘चल, चहा घेऊ.’ दुसरा उठतो. त्या तीन शब्दांत माफी मागितली गेली, दिली गेली, आणि दोघांनाही ते नेमकं कळलं.

काही गोष्टी मात्र चहानं मिटवायच्या नसतात. फोनचा पासवर्ड माग, मिनिटामिनिटाला ‘कुठं आहेस’ विचार, लोकेशन चालू ठेवायला लाव, अमुक मैत्रिणीशी बोलू नको म्हण, नको म्हटल्यावरही फोटोचा हट्ट धर, आणि वर याला प्रेम म्हण: हे प्रेम नव्हे, ताबा आहे. मित्र असो की प्रियकर-प्रेयसी, त्याच्यासोबत आपलं जग लहान होत चाललं असेल, बाकीची माणसं एकेक करून सुटत असतील, तर ते मोठ्या, विश्वासातल्या कुणालातरी सांगायलाच हवं. मनावर ताण असह्य झाला तर 14416 या टेली-मानसच्या क्रमांकावर मोफत आणि मराठीतही बोलता येतं. अठराच्या आतल्यांसाठी 1098 आहे. एक दुसरा धोका प्रेमळ चेहऱ्याचा आहे. अमांडा रोझ यांनी 2002 मध्ये दाखवलं की मैत्रिणी तासन्‌तास एकमेकींची दुःखंच उगाळत बसल्या, तर जवळीक वाढते, पण त्यासोबत उदासी आणि काळजीही वाढते. ऐकून घ्यावं, रडू द्यावं, आणि मग जिना उतरून पाणीपुरी खायला जावं.

प्रेमात पडलेल्यांबद्दल मित्रांची एक नेहमीची तक्रार असते: ‘ती भेटली आणि हा गायब.’ ऑक्सफर्डचे रॉबिन डनबार यांच्या अभ्यासात याचा आकडाच निघाला. अगदी जवळच्या वर्तुळात माणसाला पाचएक जणच झेपतात. तिथं प्रेमाचं एक माणूस आलं की सरासरी दोन जुनी माणसं बाहेर सरकतात. मन काही दुष्ट झालेलं नसतं. दिवसाचे तास तेवढेच असतात. प्रेमात असलेल्यांनी हे माहीत असताना आठवड्यातली एखादी संध्याकाळ जुन्या मित्रांसाठी राखून ठेवावी आणि जोडीदारानं ती राखू द्यावी, असं मला मनापासून वाटतं.

आणि मग बारावी होते, पदवी होते, माणसं पांगतात. सॅम रॉबर्ट्स आणि डनबार यांनी शाळा संपवून विद्यापीठात किंवा नोकरीला लागलेल्या ब्रिटिश मुलामुलींचा दीड वर्ष मागोवा घेतला. नातेवाइकांशी जवळीक फारशी घटली नाही. मित्रांशी झरझर घटली. जिथं टिकली तिथं मुलींच्या बाबतीत बोलणं कामी आलं होतं, फोनवर किंवा समोरासमोर. मुलांच्या बाबतीत बोलण्यानं फारसं काही झालं नाही. एकत्र काहीतरी केलं, खेळलं, कुठं गेलं, तर टिकली. पुण्याला आलेल्या मुलानं गावाकडच्या मित्राला रोज ‘काय चाललंय’ पाठवण्यापेक्षा जत्रेला जाऊन त्याच्याबरोबर दोन दिवस राबावं, हे त्यातून दिसतं. नेदरलँड्समधल्या एका पाहणीत असंही दिसलं की सात वर्षांत माणसाचं निम्मं मित्रमंडळ बदलतं, पण त्याचा आकार साधारण तेवढाच राहतो. पांगणं हे कुणा एकाच्या कृतघ्नपणाचं लक्षण नव्हे. ते सगळ्यांच्याच बाबतीत होतं.

पांगलेल्यांना पुन्हा गाठावं का, हा प्रश्न उरतो. इतक्या वर्षांनी मेसेज केला तर काहीतरी काम असेल असं वाटेल, ती ओळखही दाखवणार नाही, हाच तो आतला आवाज. पिट्सबर्गच्या पेगी ल्यू आणि सहकाऱ्यांनी 2022 साली तेरा प्रयोगांत, 5,900 हून जास्त माणसांवर तो तपासला. पाठवणाऱ्यांनी अंदाज केला होता त्यापेक्षा मिळालेल्यांना आनंद बराच जास्त झाला. आणि मेसेज जितका अनपेक्षित, तितका तो जास्त. त्यातले मेसेज काही मोठे नव्हते. आठवण आली म्हणून लिहितोय, तू कसा आहेस, इतकाच मजकूर पुरला.